सैनिकी गणवेशापासून व्हाइट टायपर्यंत : ब्यू ब्रमेल यांचे जीवन

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे दरवर्षी १० डिसेंबर रोजी नोबेल पारितोषिके प्रदान केली जातात. त्या समारंभातील बहुतेक पुरुष एकाच वेशात दिसतात. काळा टेलकोट, शुभ्र वेस्टकोट, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात पांढरा बो टाय असे त्याचे स्वरूप असते. पाश्चात्य शिष्टाचारात हा संध्याकाळचा सर्वाधिक औपचारिक पोशाख मानला जातो आणि व्हाइट टाय या नावाने तो ओळखला जातो. या वेशाचा मूळ आराखडा दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये तयार झाला. त्याचे श्रेय ज्या एका व्यक्तीला सर्वाधिक दिले जाते, ती व्यक्ती राजघराण्यातील नव्हती, उमरावही नव्हती आणि शिंपीही नव्हती. ब्रिटिश घोडदळात सुमारे चार वर्षे नोकरी केलेले ते एक तरुण अधिकारी होते. त्यांचे नाव जॉर्ज ब्रायन ब्रमेल. इतिहास त्यांना ब्यू ब्रमेल या टोपणनावाने ओळखतो.

सामान्य घराण्यातील जन्म

ब्रमेल यांचा जन्म ७ जून १७७८ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे आजोबा एके काळी श्रीमंतांच्या घरी सेवक होते आणि पुढे सेंट जेम्स भागात सभ्य गृहस्थांना भाड्याने खोल्या देत असत. वडील विल्यम ब्रमेल यांनी मात्र हुशारीच्या बळावर मोठी मजल मारली. १७७० ते १७८२ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेले लॉर्ड नॉर्थ यांचे ते खासगी सचिव होते. या पदामुळे कुटुंबाला पैसा मिळाला, ओळखी मिळाल्या आणि मुलांना उत्तम शाळांची दारे उघडली.

जॉर्ज यांचे शिक्षण ईटन येथील प्रसिद्ध शाळेत झाले. पोशाखातील नीटनेटकेपणा आणि हजरजबाबीपणा यांसाठी ते शाळेतच ओळखले जाऊ लागले होते. त्यानंतर ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयात त्यांनी थोडा काळ घालवला, परंतु अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. १७९४ साली वडिलांचे निधन झाले. मागे राहिलेली संपत्ती तीन अपत्यांत विभागली गेली. जॉर्ज यांच्या वाट्याला आलेली रक्कम एखाद्या सामान्य गृहस्थाला जन्मभर सुखाने राहण्यास पुरेशी होती. उमरावांच्या बरोबरीने राहण्यास मात्र ती पुरणारी नव्हती. त्यांच्या पुढील आयुष्याची शोकांतिका या एका हिशेबात दडलेली होती.

दहावी लाइट ड्रॅगून्स

१७९४ सालीच, वयाच्या सोळाव्या वर्षी, ब्रमेल दहाव्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये कॉर्नेट म्हणून दाखल झाले. घोडदळातील अधिकाऱ्यांचे हे सर्वांत कनिष्ठ पद होय. रेजिमेंट मात्र सामान्य नव्हती. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे राजे चौथे जॉर्ज झालेले युवराज, तिचे कर्नल होते. युवराजांना कपड्यांचा आणि विशेषतः गणवेशांचा विलक्षण षोक होता. अंगाबरोबर बसणारी निळी जाकिटे आणि त्यांवरील रुपेरी वेणीकाम यांमुळे ही रेजिमेंट साऱ्या सैन्यात उठून दिसे.

युवराजांना हा तरुण अधिकारी मनापासून आवडला. १७९५ साली युवराजांचा ब्रन्सविकच्या राजकन्या कॅरोलिन यांच्याशी विवाह झाला, तेव्हा ब्रमेल त्यांच्या निकटच्या परिवारात होते. १७९६ साली ते कॅप्टन झाले. सैनिक म्हणून त्यांनी कोणताही पराक्रम गाजवला नाही. घोड्यावरून पडून त्यांचे नाक मात्र मोडले आणि ती खूण जन्मभर राहिली. रेजिमेंटला मँचेस्टर या औद्योगिक शहरात जाण्याचा आदेश मिळाला, तेव्हा लंडन आणि राजदरबार सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. १७९८ साली त्यांनी सैन्याचा राजीनामा दिला.

लष्करातील कारकीर्द संपली, पण लष्कराने लावलेली दृष्टी त्यांच्याबरोबर राहिली. गणवेशाला स्वतःचे एक तर्कशास्त्र असते. तो अंगाला नेमका बसावा लागतो, त्याचे रंग ठरलेले असतात, त्यावरचा डाग हा शिस्तीचा भंग ठरतो आणि बुटांच्या चकाकीवरून अधिकाऱ्याची परीक्षा होते. ब्रमेल यांनी ही सारी तत्त्वे नागरी पोशाखात आणली आणि वेणीकाम, पदके व भडक रंग मात्र वगळले.

नव्या पोशाखाची घडण

हा बदल समजून घेण्यासाठी त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. अठराव्या शतकातील युरोपीय उमराव दरबारात रेशमी, मखमली आणि कलाबतूने मढवलेले कोट वापरत. डोक्यावर टोप असे किंवा केसांना पांढरी पूड लावलेली असे. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने या थाटाची प्रतिष्ठा हादरवली. १७९३ पासून ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू झाले. १७९५ साली पंतप्रधान विल्यम पिट यांच्या सरकारने केसांच्या पुडीवर कर बसवला आणि अनेकांनी ती प्रथा सोडून दिली. रस्त्यांवर, नाटकगृहांत आणि मेजवान्यांत सर्वत्र गणवेशधारी अधिकारी दिसू लागले. पुरुषी देखणेपणाची कल्पना दरबाराकडून छावणीकडे वळत होती.

१७९९ साली सज्ञान होऊन वारसा हाती आल्यावर ब्रमेल यांनी लंडनच्या मेफेअर भागातील चेस्टरफील्ड स्ट्रीटवर चार क्रमांकाचे घर घेतले. या घरातून त्यांनी लंडनच्या पुरुषांना नवा वेश दिला. दिवसा ते गडद निळा कोट, फिकट रंगाचा वेस्टकोट, हरणाच्या कातड्याची विजार आणि हेसियन पद्धतीचे उंच बूट घालत. हे बूट मूळचे जर्मनीच्या हेस प्रांतातील सैनिकांचे होते. संध्याकाळी निळा टेलकोट, पांढरा वेस्टकोट, घोट्यापर्यंत घट्ट बसणारी काळी विजार आणि गळ्यात शुभ्र मलमलीचा क्रॅव्हॅट असा त्यांचा वेश असे. गुडघ्यापर्यंतच्या रेशमी विजारींची सद्दी या लांब विजारीने हळूहळू संपुष्टात आणली. अशा घट्ट विजारी हुसार घोडेस्वारांच्या वेशातून लोकप्रिय झाल्या होत्या.

टेलकोटाचा आकारही घोड्याच्या पाठीवर ठरलेला आहे. लांब कोटाचा पुढचा घेर घोड्यावर बसताना अडचणीचा होत असे. म्हणून शिकार आणि रपेट करणाऱ्या इंग्रज गृहस्थांच्या कोटाचा पुढचा भाग कंबरेपाशी कापला जाऊ लागला आणि मागे दोन शेपट्या राहिल्या. सैन्यातही हीच गरज होती. तेथे कोटाच्या पुढच्या कडा उलट्या दुमडून बटणांनी अडकवत आणि आतील अस्तराचा रंग रेजिमेंटची ओळख सांगे. कोटाच्या दुमडलेल्या कॉलरपट्ट्यांना या लष्करी प्रथेने ठळक रूप दिले. टेलकोटाच्या मागे कंबरेवर आजही दोन बटणे असतात. त्यांचा संबंध तलवारीच्या पट्ट्याशी परंपरेने जोडला जातो.

ब्रमेल यांचे शिंपीही याच परंपरेतील होते. कॉर्क स्ट्रीटवरील श्वाइत्झर अँड डेव्हिडसन, ओल्ड बाँड स्ट्रीटवरील वेस्टन आणि कंड्युइट स्ट्रीटवरील मेयर यांच्याकडे ते कपडे शिवून घेत. मेयर हे गणवेशांसाठी प्रसिद्ध होते. टाचेखालून पट्टी घेऊन ताठ राहणारी विजार मेयर यांनी शोधली की ब्रमेल यांनी, याविषयी त्या काळातही मतभेद होते. इंग्लंडचे दाट विणीचे लोकरी कापड वाफ आणि इस्त्रीच्या साहाय्याने शरीराच्या आकारात वळवता येते. गणवेश शिवणाऱ्यांना ही कला चांगलीच अवगत होती. कोटाची शोभा आता कलाबतूत उरली नाही. ती कापणीत आणि बसणीत आली.

खळ दिलेली मलमल

ब्रमेल यांची सर्वाधिक कीर्ती झाली ती क्रॅव्हॅटमुळे. त्यांच्या आधी गळ्याभोवतीचे मलमलीचे कापड सैल आणि चुरगळलेले असे. ब्रमेल यांनी त्याला हलकी खळ देण्यास सुरुवात केली. कापड गळ्याभोवती गुंडाळल्यानंतर ते हनुवटी सावकाश खाली आणत आणि कापडाला हव्या तशा चुण्या पाडत. एखादी चुणी बिघडली तर ते कापड बाजूला टाकून दुसरे घेत. त्यांचा सेवक सकाळी बिघडलेल्या क्रॅव्हॅटांचा ढीग घेऊन जिना उतरत असे, ही आख्यायिका लंडनभर पसरली होती. आजच्या व्हाइट टायमधील कडक कॉलर आणि पांढरा बो टाय हे या क्रॅव्हॅटचेच वंशज होत.

त्यांच्या दैनंदिन सवयीही त्या काळाला नव्या होत्या. ते दररोज स्नान करत, दात घासत, दाढी काळजीपूर्वक करत आणि अंगाला सुगंध लावणे टाळत. शरीर आणि कपडे स्वच्छ असतील तर अत्तराची गरज नाही, असे त्यांचे मत होते. पोशाख इतका निर्दोष असावा की रस्त्यावरून जाताना कोणी वळून पाहू नये, हेही त्यांचे सूत्र होते. सकाळच्या वेशभूषेला त्यांना काही तास लागत. ती पाहण्यासाठी लंडनमधील प्रतिष्ठित मंडळी चेस्टरफील्ड स्ट्रीटवर जमत आणि त्यांत खुद्द युवराजही असत.

या साध्या दिसणाऱ्या वेशाचा सामाजिक अर्थ मोठा होता. गडद कोट आणि पांढरी मलमल यांत उमराव कोण आणि सेवकाचा नातू कोण, हे वेशावरून ओळखता येत नसे. वंशावळीपेक्षा डौल, स्वच्छता आणि संभाषण यांना महत्त्व आले. तथापि हा साधेपणा स्वस्त नव्हता. दररोज धुतलेली शुभ्र वस्त्रे, उत्तम शिंपी, सेवक आणि हाताशी भरपूर रिकामा वेळ ज्याच्याकडे असे, त्यालाच तो परवडे. जुन्या भिंतीच्या जागी एक नवी, कमी दिसणारी भिंत उभी राहिली. ब्रमेल स्वतः त्या भिंतीच्या आत आले होते, पण त्यांचे तेथील स्थान इतरांच्या मर्जीवर अवलंबून होते.

युवराजांशी बेबनाव

सुमारे पंधरा वर्षे ब्रमेल हे लंडनच्या उच्चभ्रू जीवनाचे अनभिषिक्त नियंते होते. व्हाइट्स क्लबच्या पुढे आलेल्या खिडकीत त्यांची बैठक असे. १८०७ साली स्थापन झालेल्या वॉटियर्स क्लबमध्येही त्यांचाच शब्द चाले. युवराजांचे बंधू ड्यूक ऑफ यॉर्क यांच्या पत्नी फ्रेडेरिका यांच्याशी त्यांची निखळ मैत्री होती. एखाद्याच्या कोटाविषयी ब्रमेल यांनी व्यक्त केलेली नापसंती त्या व्यक्तीची प्रतिष्ठा घालवण्यास पुरेशी होत असे.

१८११ साली राजे तिसरे जॉर्ज यांच्या आजारपणामुळे युवराजांकडे रीजंट म्हणून राज्यकारभार आला. याच सुमारास दोघांच्या मैत्रीत तेढ निर्माण झाली. १८१३ च्या जुलै महिन्यात ब्रमेल आणि त्यांच्या तीन मित्रांनी लंडनच्या अर्गाइल रूम्समध्ये एक मेजवानी दिली. रीजंट तेथे आले. यजमानांपैकी लॉर्ड अल्व्हान्ली यांच्याशी ते बोलले, परंतु ब्रमेल यांच्याकडे त्यांनी जाणूनबुजून दुर्लक्ष केले. अपमान सहन न होऊन ब्रमेल यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, तुमचे हे लठ्ठ मित्र कोण, अशी पृच्छा अल्व्हान्ली यांच्याकडे केली. वाढत्या वजनाविषयी रीजंट अतिशय हळवे होते. त्या एका वाक्याने समेटाची शक्यता संपली.

राजाश्रय गेल्यानंतरही ब्रमेल यांचे स्थान लगेच ढासळले नाही. त्यांचा घात केला तो जुगाराने. वारशातून मिळालेला पैसा केव्हाच संपला होता. क्लबमधील पत्त्यांच्या टेबलावर उमरावांच्या बरोबरीने पैसे लावताना त्यांच्यामागे जमिनींचे उत्पन्न नव्हते. मित्रांसह संयुक्तपणे काढलेल्या कर्जाची परतफेड थकली आणि कर्जबुडव्यांच्या तुरुंगाचे भय समोर उभे राहिले. १६ मे १८१६ च्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे ऑपेराला गेले, तेथून लवकर निघाले आणि डोव्हर बंदरावरून फ्रान्समधील कॅलेला पळून गेले. काही दिवसांतच त्यांच्या घरातील चिनी मातीची भांडी, मद्य आणि फर्निचर यांचा लंडनमध्ये लिलाव झाला. त्या वेळी ते ३७ वर्षांचे होते.

परदेशातील अखेर

कॅले येथे त्यांनी चौदा वर्षे काढली. मित्रांच्या मदतीवर उदरनिर्वाह चाले, परंतु राहणीतील काटेकोरपणा सुटला नाही आणि खर्चही आटोक्यात आला नाही. डचेस ऑफ यॉर्क यांना भेट देण्यासाठी ते चित्रे चिकटवून एक घडीचा पडदा तयार करत होते. १८२० साली डचेस निवर्तल्या आणि ते काम अपुरे राहिले. १८२१ साली राजे चौथे जॉर्ज कॅलेमार्गे हॅनोव्हरला गेले. ब्रमेल त्याच गावात राहत असूनही जुन्या मित्रांची भेट झाली नाही.

१८३० साली इंग्लंडमधील हितचिंतकांच्या प्रयत्नांनी त्यांना नॉर्मंडीतील कां या शहरात ब्रिटिश वाणिज्यदूताचे पद मिळाले. वेतनाचा मोठा हिस्सा कॅलेच्या सावकारांकडेच वळता होत असे. अधिक चांगल्या ठिकाणी बदली होईल या आशेने त्यांनी सरकारला लिहिले की, कां येथे या पदाची गरज नाही. सरकारने त्यांचा सल्ला मानला आणि १८३२ साली ते पदच रद्द केले. दुसरी नेमणूक मात्र मिळाली नाही.

त्यानंतरची कहाणी करुण आहे. परीटघडीचा खर्च झेपेना, तेव्हा शुभ्र क्रॅव्हॅटचा हा प्रवर्तक काळे रेशमी कापड गळ्याभोवती बांधू लागला. १८३५ साली कर्जापायी त्यांना कां येथील तुरुंगात टाकण्यात आले. लंडनच्या मित्रांनी वर्गणी जमवून त्यांची सुटका केली, पण तोवर प्रकृती आणि मन दोन्ही ढासळू लागले होते. अखेरच्या काळात ते हॉटेलातील आपल्या खोलीत मेणबत्त्या लावून जुन्या सरदारांच्या आणि डचेसच्या काल्पनिक आगमनाची वाट पाहत. सेवक एकेक नाव पुकारी आणि रिकाम्या खोलीत ब्रमेल उठून स्वागत करीत, असे त्यांचे पहिले चरित्रकार कॅप्टन विल्यम जेस यांनी नोंदवले आहे. ३० मार्च १८४० रोजी कां येथील बाँ सोव्हर या धर्मादाय रुग्णालयात, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तेथील प्रोटेस्टंट दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

वेशाचा पुढील प्रवास

ब्रमेल यांच्या हयातीतच त्यांचा निळा कोट काळा होऊ लागला होता. १८२८ साली प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड बुल्वर लिटन यांच्या पेल्हम या कादंबरीने संध्याकाळच्या काळ्या पोशाखाला प्रतिष्ठा दिली. त्याच कादंबरीतील एक पात्र ब्रमेल यांच्यावर बेतलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काळा टेलकोट, पांढरा वेस्टकोट आणि पांढरा टाय हा संच पक्का झाला. विजारीच्या बाहेरील शिवणीवर लावलेल्या रेशमी पट्ट्या सैनिकी विजारींवरील पट्ट्यांचे स्मरण करून देतात. या वेशावर सन्मानचिन्हे आणि छोट्या आकाराची पदके लावण्याची मुभा असते. तीच पद्धत लष्करी अधिकाऱ्यांच्या मेस ड्रेसमध्येही आढळते.

ब्रमेल यांच्या जुन्या रेजिमेंटचा संबंध महाराष्ट्राशीही आला. दहावी हुसार्स या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही रेजिमेंट १८४६ साली भारतात आली आणि पुण्याजवळील खडकीच्या छावणीत राहिली. १८५५ साली ती तेथूनच क्रिमियाच्या युद्धावर रवाना झाली. ब्रिटिश अमदानीत मेस ड्रेसची परंपरा भारतीय सैन्यात रुजली आणि स्वातंत्र्यानंतरही औपचारिक भोजनप्रसंगी ती टिकून आहे. नागरी जीवनात मात्र भारताने वेगळी वाट धरली. टेलकोटाची जागा बंदगळ्याच्या कोटाने घेतली. २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल स्वीकारताना अभिजित बॅनर्जी यांनी धोतर आणि बंदगळा परिधान केला होता. नोबेल समारंभाच्या नियमांत राष्ट्रीय पोशाखाला व्हाइट टायच्या बरोबरीचे स्थान आहे.

लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर २००२ साली ब्रमेल यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांनी ना लढाई जिंकली, ना संपत्ती मागे ठेवली. वस्त्रांचा डौल झगमगाटात नसून शिस्त, स्वच्छता आणि नेमकेपणा यांत असतो, हा छावणीत शिकलेला धडा त्यांनी दिवाणखान्यात नेला. आज जगभरातील पुरुष कार्यालयात गडद रंगाचा सूट आणि पांढरा शर्ट घालतात, तेव्हा तेही नकळत त्याच धड्याची उजळणी करत असतात. पोशाखाने सेवकाच्या नातवाला युवराजांच्या शेजारी बसवले. तेथे टिकून राहण्यासाठी लागणारे धन मात्र कोणताही पोशाख त्यांना देऊ शकला नाही.